ओल्या कुरणांचे अदृश्य रहिवासी

सिन्नर तालुका म्हटला की अवर्षण आणि उन्हाळ्यात भेगाळलेली जमीन हेच चित्र डोळ्यांपुढे येते. परंतु याच तालुक्यात देवनदीवरील जुन्या बंधाऱ्यांच्या पाझराखाली आणि पाझर तलावांच्या काठी पावसाळा सरल्यावरही ओल्या कुरणांचे पट्टे हिरवे राहतात. उत्तरेस, शेजारच्या निफाड तालुक्यातील नांदूर मधमेश्वर जलाशयाभोवती असे पट्टे अधिक विस्तीर्ण आहेत. तेथे गुरे चरतात, पक्षी उतरतात. या हिरवाईला मोठा आधार आहे तो मातीत राहणाऱ्या लहानलहान प्राण्यांचा.

पाण्यानुसार बदलणारी वसती

पाण्याच्या कडेपासून कोरड्या बांधापर्यंत चालत गेल्यास मातीतील वसती पावलोपावली बदलते. अगदी काठच्या चिखलात गोगलगाई आणि चिलटांसारख्या, पण न चावणाऱ्या माश्यांच्या लाल अळ्या असतात. या अळ्यांच्या शरीरात हिमोग्लोबिन असल्याने त्या अल्प प्राणवायूतही तग धरतात. त्यावरच्या ओलसर पट्ट्यात गांडुळे, सूक्ष्म माइट आणि स्प्रिंगटेल नावाचे, एक ते तीन मिलिमीटर लांबीचे, उड्या मारणारे पंखहीन जीव आढळतात. कोरड्या बाजूस मुंग्या, वाळवी, भुंगेरे व कोळी यांचे राज्य सुरू होते.

यामागील कारण प्राणवायूचे आहे. हवेच्या तुलनेत पाण्यातून प्राणवायू सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. म्हणून जमीन पाण्याखाली गेली की पालापाचोळा कुजण्याची क्रिया मंदावते. पाणी ओसरताच प्राणी परततात आणि साचलेल्या पाल्याचे तुकडे करतात. त्यांवर बुरशी व जिवाणू वाढून पिकांना व गवताला उपयोगी अन्नद्रव्ये मोकळी होतात. काळी माती सुकून भेगाळू लागली की गांडुळे खोल जाऊन वेटोळे करून निपचित पडतात आणि ओल परतल्यावर पुन्हा वर येतात. इंग्लंडच्या अनेक भागांत गांडुळे दर एकरी वर्षाला दहा टनांहून अधिक माती वर आणतात, असे अनुमान चार्ल्स डार्विन यांनी १८८१ मध्ये मांडले होते.

पक्ष्यांची शिदोरी

नांदूर मधमेश्वर १९८६ मध्ये अभयारण्य झाले, आणि २०२० च्या जानेवारीत ते महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले. हिवाळ्यात येणारा पाणलावा आपली लांब चोच चिखलात खुपसून अळ्या व गांडुळे शोधतो. टिटवी, शराटी यांचाही चारा याच मातीत आहे. पाण्याइतकीच काठची जिवंत मातीही पक्ष्यांना लागते.

तोल कसा राखावा?

जलाशयाच्या उघड्या पडलेल्या जमिनीत गाळपेर करण्याची रीत राज्यात जुनी असून अनेक कुटुंबांचा तो आधार आहे. तलावातील गाळ काढणेही साठवणुकीसाठी आवश्यक असते. तथापि थेट पाण्याच्या रेषेपर्यंत नांगरट, कीटकनाशकांची फवारणी, गवत जाळणे आणि सगळा काठ यंत्राने खरवडणे यांमुळे मातीतील वसती उद्ध्वस्त होते. मग जमिनीची पाणी मुरवण्याची शक्ती घटते आणि खतावरील खर्च वाढतो. यावर साधा उपाय म्हणजे पाण्यालगतचा एक पट्टा न नांगरता, न फवारता राखणे आणि गाळ टप्प्याटप्प्याने काढणे. गायरान व गावतळ्यांच्या बाबतीत ग्रामसभेला असा निर्णय चर्चेने घेता येईल.

शाळांनाही यात वाटा उचलता येईल. गावतळ्याच्या काठी एक फूट लांब, एक फूट रुंद व वीतभर खोल माती काढून पांढऱ्या कापडावर पसरावी, सापडलेले प्राणी मोजून वहीत नोंदवावेत आणि माती पुन्हा जागेवर टाकावी. नांगरलेल्या व राखलेल्या पट्ट्यांत हीच मोजणी कार्तिकात आणि माघात केल्यास दोहोंतील फरक विद्यार्थ्यांना स्वतःच पाहता येईल. अवर्षणग्रस्त तालुक्यात ओल ही संपत्ती आहे. त्या ओलीचे सुपीकतेत रूपांतर करणारे हे मूक कामकरी जपणे गावाच्याच हिताचे आहे.