अडगळीतील वीजसामान आणि शेतकऱ्याचा हातगुण

शेतकऱ्याच्या घरी माळ्यावर अथवा गोठ्याच्या कोनाड्यात एक तरी डबा असा असतो की, ज्यात बंद पडलेला रेडिओ, जळालेल्या स्टार्टरची कॉइल, मोबाईलचे जुने चार्जर, फवारणी पंपाची संपलेली बॅटरी आणि मुलांची मोडकी खेळणी वर्षानुवर्षे पडून असतात. वडीलधाऱ्यांस ते टाकवत नाही, व मुलांस ते उघडून पाहिल्यावाचून राहवत नाही. या दोन्ही वृत्ती चांगल्याच होत. परंतु उघडून पाहणे ही विद्येची पहिली पायरी आहे, शेवटची नव्हे. पुढच्या पायऱ्या कोणत्या आणि कोठे पाय घसरतो, याचा विचार करण्याचे प्रस्तुत लेखात योजिले आहे.

हा हातगुण आपल्या सातारा-सांगली भागास नवा नाही. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील श्री. दत्तात्रय लोहार यांनी जुन्या गाड्यांचे सुटे भाग जमवून, दुचाकीप्रमाणे पायाने किक मारून सुरू होणारी एक छोटी जीप घरीच बनविली. सन २०२१ च्या डिसेंबरात तिची वार्ता देशभर पसरली, आणि उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी त्या गाडीच्या बदल्यात लोहार यांच्या कुटुंबास नवी बोलेरो गाडी दिली. मात्र अशी गाडी रस्त्यावरील वाहनांच्या नियमांत बसत नाही, हेही महिंद्रा यांनी त्याच वेळी सांगितले होते. कौशल्याचे कौतुक आणि नियमाची आठवण अशा दोन्ही गोष्टी एकाच प्रसंगी घडल्या, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आपल्या फलटणचे उदाहरण निराळ्या प्रकारचे आहे. येथील निंबकर कृषी संशोधन संस्था सन १९६८ मध्ये स्थापन झाली. अमेरिकेत उच्च शिक्षण घेतलेले अभियंते डॉ. अनिल राजवंशी सन १९८१ मध्ये परत आले व या संस्थेत काम करू लागले. घासलेटवर जळणारा 'नूरी' कंदील, मद्यार्कावरील शेगडी, विजेवर चालणारी सायकल-रिक्षा अशी साधने त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी या तालुक्याच्या गावी राहून तयार केली. सन २०२२ मध्ये त्यांस पद्मश्री मिळाली. या कामापासून घेण्याजोगा धडा हा की, कंदील पेटला एवढ्यावर ते थांबत नाही. किती इंधनात किती उजेड पडला, हे मोजले जाते. हातगुणास मापाची जोड मिळाली म्हणजेच त्याची विद्या होते.

आता आपल्या डब्याकडे वळू. ज्यास या कामाची हौस आहे, त्याने प्रथम एक साधा मल्टीमीटर घ्यावा. जुन्या पाटीवरून काढलेला भाग चांगला की वाईट, हे डोळ्यांस क्वचितच दिसते. माथा फुगलेला कपॅसिटर निकामी समजावा, एवढे पाहून कळते. परंतु तार आतून तुटली आहे काय, चार्जरमधून खरोखर पाच व्होल्ट निघतात काय, हे मीटरच सांगतो. शिशाच्या बारा व्होल्टी बॅटरीवर भार नसता साडेबाराच्या थोडा वर दाब दिसला, तर ती भरलेली समजावी. बाराच्या बरीच खाली गेली, तर रिकामी. तथापि जुनी बॅटरी भार घालताच बसते, म्हणून भारासहितही मोजून पाहावे.

पहिला उद्योग म्हणून पाण्याच्या टाकीची घंटा करावी. टाकी भरून वाहू लागेपर्यंत कोणास कळत नाही, आणि पाणी व वीज दोन्ही वाया जातात, हा अनुभव सर्वांचा आहे. यास बॅटरीचे तीन सेल, मोडक्या खेळण्यातील बझर, एक हजार ओहमचा एक रोधक आणि बीसी ५४७ जातीचा एक ट्रान्झिस्टर एवढेच साहित्य लागते. बझर मात्र नुसता सेल जोडताच वाजणारा असावा. ट्रान्झिस्टरची सपाट बाजू आपल्याकडे व पाय खाली धरले असता डावीकडून कलेक्टर, बेस व एमिटर असा क्रम येतो. दुसऱ्या जातीत तो निराळा असू शकतो. सेलांचे धन टोक बझरच्या धन तारेस आणि बझरची दुसरी तार कलेक्टरला जोडावी. एमिटर ऋण टोकास जोडावा. मग धन टोकापासून एक निराळी तार टाकीत तळापर्यंत सोडावी, आणि बेसला जोडलेल्या रोधकापासून दुसरी तार जेथवर पाणी यावयास हवे त्या उंचीवर टांगावी.

पाणी वरच्या तारेस लागताच त्यातून अत्यल्प प्रवाह बेसकडे जातो. पाटाचे दार उघडावयास हाताचा थोडा जोर पुरतो, पण दारातून पाणी मात्र भरपूर वाहते. त्याचप्रमाणे बेसमधील या अल्प प्रवाहाने ट्रान्झिस्टर उघडतो, बझरला पुरेसा प्रवाह मिळतो आणि घंटा वाजते. रोधक कशासाठी, असे कोणी विचारील. दोन्ही तारा चुकून एकमेकींस चिकटल्या, तर बेसमधून बेसुमार प्रवाह जाऊन ट्रान्झिस्टर जळू नये, एवढ्यासाठी. तांब्याची उघडी तार पाण्यात काही दिवसांत हिरवी पडून झिजते. म्हणून टोकास जुन्या स्टीलच्या चमच्याचा दांडा बांधावा. पाणी लागेपर्यंत जवळजवळ काहीच प्रवाह वाहत नसल्यामुळे सेल पुष्कळ दिवस पुरतात.

एवढ्या लहान यंत्रात पुढील सर्व विद्येचे बीज आहे. पुण्याचे श्री. संतोष ओस्तवाल यांनी आपल्या आजोबांस पंप चालू करण्यासाठी शेतात खेटे घालताना पाहिले, आणि पुढे साध्या मोबाईलवरून पंप चालू-बंद करण्याचे 'नॅनो गणेश' हे साधन तयार केले. सन २००९ मध्ये त्यास नोकिया कंपनीच्या स्पर्धेचे पारितोषिक मिळाले. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी सन १९८३ मध्ये स्थापिलेल्या विज्ञान आश्रमात ग्रामीण मुले हाताने काम करीतच विज्ञान शिकतात.

आता धोक्याच्या गोष्टी सांगावयास हव्यात. घंटेचे तीन सेल कोणास इजा करणार नाहीत. परंतु घरची वीज २३० व्होल्टांची व पंपाची ४१५ व्होल्टांची असते, आणि तेथे चुकीस क्षमा नाही. नवशिक्याने स्टार्टरच्या पेटीत हात घालू नये. ते काम जाणत्या वायरमनचे. काचेच्या मोठ्या नळीचा जुना दूरदर्शन संच उघडू नये. वीज तोडल्यावरही त्या नळीत हजारो व्होल्टांचा भार राहू शकतो. लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीतील लिथियम सेल काढून फवारणी पंपास जोडण्याची चाल पडली आहे. परंतु असा सेल ४.२ व्होल्टांपलीकडे भरला, त्यास भोक पडले अथवा तो फुगलेला असता वापरला, तर पेट घेतो. रानडुकरांसाठी कुंपणात थेट वीज सोडणे हा तर गुन्हा आहे, आणि त्याने माणसे मेली आहेत. कुंपणासाठी थांबून थांबून क्षणमात्र झटका देणारे प्रमाणित झटका मशीनच घ्यावे. ते घरी बनवू नये.

एक साधन असे आहे की, ते एकट्यास सोयीचे आणि सर्वांस घातक ठरते. वीज येताच पंप आपोआप सुरू करणारा ऑटोस्विच पुष्कळांनी बसविला आहे. रात्री पाळीची वीज येते, त्या क्षणी डीपीवरील सर्व पंप एकदम उठतात. सुरू होताना मोटर नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते. हा सर्व भार एकवट येऊन रोहित्र जळते, आणि पुढे उभे पीक पाण्यावाचून वाळत असता सर्वांस ते बदलून मिळण्याची वाट पाहावी लागते. वीज मंडळी ऑटोस्विच काढून कपॅसिटर बसविण्यास सांगतात, त्याचे कारण हे आहे. यंत्र बिघडलेले नसते. ज्याने ते जोडले, त्याने शेजाऱ्याच्या पंपाचा हिशेब केलेला नसतो.

सबब सभासद बंधूंस आमची सूचना अशी आहे की, प्रत्येक गावी सोसायटीच्या कचेरीत एक मेज, एक मल्टीमीटर व एक सोल्डरिंग आयर्न ठेवावे. गावातील मुलांनी घरोघरचे बंद सामान तेथे आणावे, कोणता भाग काय काम करतो हे जाणत्यापासून शिकावे, आणि सेलांच्या विजेवरच हात बसवावा. यास खर्च थोडा आहे. त्या मेजावर शिकलेला मुलगा उद्या पंपाच्या पेटीपुढे उभा राहील, तेव्हा कशास हात लावावा व कशास लावू नये, हे त्यास ठाऊक असेल.