पेशींची शिरगणती

1986 साली मद्रास मेडिकल कॉलेजच्या प्राध्यापक डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने जमवले. तपासणी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात झाली. सहा नमुन्यांत एचआयव्ही निघाला. भारतातली ही पहिली नोंद.

सुनीती माहेरच्या गायतोंडे. चेन्नईत कातड्याचा व्यापार करणाऱ्या मराठी घरातल्या. 1993 मध्ये त्यांनी एचआयव्हीबाधितांसाठी केंद्र काढलं, त्याला वडिलांचं नाव दिलं: वाय. आर. गायतोंडे.

वेल्लोरला शोधली होती ती प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, रुग्णाच्या शरीरानंच विषाणूविरुद्ध तयार केलेली. घरात चोर शिरल्याची ती वर्दी. पण नुकसान किती झालं? ते सांगायला दुसरं प्रतिपिंड लागतं, प्रयोगशाळेत घडवलेलं.

रोगांशी लढणाऱ्या आपल्या मदतनीस टी-पेशींच्या पृष्ठभागावर सीडी4 नावाचा ग्राही असतो. एचआयव्ही त्यालाच धरून आत शिरतो. हे 1984 मध्ये उलगडलं तेही प्रतिपिंडामुळेच: सीडी4वर प्रतिपिंड आधीच चिकटवून ठेवलं, तर विषाणूला आत जाता येईना. एकाच खुणेला ओळखणारी अशी एकसारखी प्रतिपिंडं हवी तितकी बनवण्याची युक्ती कोहलर आणि मिलस्टाइन यांनी 1975 मध्ये शोधली होती.

आत शिरलेला विषाणू या पेशी मारत जातो; म्हणून किती उरल्या ते मोजायचं. मोजणी अशी होते. जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त घेतात; ते फ्रीजमध्ये ठेवत नाहीत. थोड्याशा रक्तात चमकणारा रंग जोडलेलं सीडी4चं प्रतिपिंड मिसळून नळी पंधरा-वीस मिनिटं अंधारात ठेवतात. मग तांबड्या पेशी फोडून टाकतात. उरलेल्या पेशी फ्लो सायटोमीटरमध्ये एकामागोमाग एक लेझरसमोरून जातात आणि चमकणाऱ्या मोजल्या जातात. यात एक गोम आहे. मोनोसाइट नावाच्या पेशींवरही थोडं सीडी4 असतं. म्हणून टी-पेशींची खूण असलेलं सीडी3 ओळखणारं, वेगळ्या रंगाचं दुसरं प्रतिपिंड सोबत घालतात. दोन्ही रंग दाखवील तीच मदतनीस टी-पेशी.

निरोगी माणसात एका मायक्रोलिटर रक्तात अशा साधारण 500 ते 1500 पेशी असतात. 200च्या खाली आकडा गेला की क्षय, न्यूमोनियासारखे आजार डाव साधतात.

1 एप्रिल 2004 रोजी सरकारनं मोफत औषधं सुरू केली. पहिल्या केंद्रांत चेन्नईजवळचं तांबरम होतं. तेव्हा गोळ्या कुणाला द्यायच्या, हे बरंचसं या आकड्यावर ठरे. 2017 पासून तशी वाट पाहिली जात नाही: एचआयव्ही आढळला की उपचार सुरू. रुग्ण किती उशिरा आला आणि त्याला आणखी कशापासून जपायला हवं, हे मात्र आजही हीच शिरगणती सांगते.

म्हणून उशीर करू नका. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्रात एचआयव्हीची तपासणी मोफत होते आणि गुप्त राहते. शंका असेल तर 1097 हा क्रमांक फिरवा.