चितपट आणि चटपटीत!

हलगी कडाडली, की कडेगाव-पलूस-विटा पट्ट्यात दोनच पार्ट्या उरतात. एक मैदानाला निघालेली, दुसरी मैदानात जाऊन बसलेली! मी कायम दुसऱ्या पार्टीत. नंबर एकची कुस्ती रात्री लागणार असली, तरी पहिल्या पोराच्या पहिल्या सलामीपासून हौद्याच्या कडेला हजर.

तिकडं अमेरिकेत बेसबॉलच्या फॅनलोकांची हीच तऱ्हा. डोक्यावर टोपी, हातात भाजलेल्या शेंगा आणि तोंडात आरोळी. आपल्याकडंही टोपी आहे, शेंगा आहेत, आणि आरोळी तर अशी, की शेजारच्या गावाला निकाल आपोआप कळावा!

चला तर मग, आज कुस्तीशौकिनांचा स्पेशल फड. माती तांबडी, माहिती झणझणीत. घ्या सलामी!

माहीत आहे का? बोस्टनचं फेनवे पार्क, म्हणजे मेजर लीग बेसबॉलचं आजचं सगळ्यात जुनं स्टेडियम, सुरू झालं १९१२ साली. आणि कोल्हापूरचं खासबाग मैदान? तेही १९१२! एक बोस्टनात, एक कोल्हापुरात, पण दोघांची बॅच एकच.

खासबागेची आयडिया कुठून आली, ठाऊक आहे? थेट रोमहून! राजर्षी शाहू महाराज १९०२ मध्ये युरोपच्या दौऱ्यावर गेले होते. तिथं त्यांनी कोलोसियम पाहिलं आणि मनात पक्कं केलं, की आपल्या पैलवानांनाही असंच दणकट मैदान हवं. मधोमध आखाडा, भोवती चढत गेलेली बैठक. कुठंही बसा, पुढच्याचा फेटा आड येत नाही. कुस्ती बघणाऱ्याच्या डोळ्यांचा एवढा विचार करणारा राजा! माझ्यासारख्या मैदानवेड्याला महाराजांची ही गोष्ट सगळ्यात जास्त भावते.

उद्घाटनाची मोठी लढत इमामबक्ष विरुद्ध गुलाम मोहिद्दीन. इमामबक्ष म्हणजे जगप्रसिद्ध गामा पैलवानाचा सख्खा भाऊ.

गामाचं नाव निघालंच आहे, तर हा किस्सा ऐकाच. १९१० मध्ये लंडनला पोलंडचा झिबिस्को गामापुढं आला आणि जवळपास पूर्ण वेळ जमिनीला चिकटून राहिला. अडीच तासांहून जास्त झटापट, निकाल शून्य! पुढं १९२८ मध्ये पतियाळाला दोघांची पुन्हा गाठ पडली. या वेळी कुस्ती किती चालली? एक मिनिटही नाही. झिबिस्को चितपट! पहिल्या कुस्तीत प्रेक्षक कंटाळले असतील, दुसऱ्या वेळी शेंगा सोलायला खाली वाकलेला माणूस अख्ख्या कुस्तीला मुकला असेल.

आता रेकॉर्ड. पुन्हा १९१२! स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये रशियाचा मार्टिन क्लाइन आणि फिनलंडचा आल्फ्रेड असिकाइनेन यांची उपांत्य फेरीची कुस्ती लागली, ती संपता संपेना. टोटल टाइम ११ तास ४० मिनिटं! जिंकला क्लाइन, पण एवढा दमला, की सुवर्णपदकासाठी पुन्हा उतरण्याचं त्राणच उरलं नाही. रौप्यावर भागवावं लागलं.

बेसबॉलवाल्यांकडं यावर उत्तर आहे बरं का! १९८१ च्या एप्रिलमध्ये पॉटकेट आणि रोचेस्टर या संघांचा सामना रात्रभर रंगला. साधारण ९ इनिंगमध्ये आटपणारा खेळ पहाटे चारपर्यंत ३२ इनिंग चालला, तरी बरोबरी. शेवटी सामना थांबवला आणि जूनमध्ये आणखी एक इनिंग खेळून निकाल लावला. खेळाचा एकूण वेळ ८ तास २५ मिनिटं. पण माझे हिरो खेळाडू नाहीत. त्या कडाक्याच्या थंडीत पहाटेपर्यंत स्टेडियममध्ये फक्त १९ प्रेक्षक टिकून होते, आणि त्यांना बक्षीस म्हणून पास मिळाले. हे १९ जण आपल्या भागात आले, तर त्यांना फेटा बांधून पहिल्या रांगेत बसवायला हवं!

आमच्या मैदानात मात्र एवढी खडाखडी खपत नाही. दोन पैलवान नुसते हात झटकत फिरू लागले, की कडेनं आवाज येतोच, “अरे, धरा की!” मग पंच वेळ देतात, नाहीतर गुणांवर घेतात. पब्लिकला मात्र हवी असते निकाली कुस्ती. बरोबरीत सुटलेली कुस्ती म्हणजे मीठ विसरलेली आमटी.

माहीत आहे का, हौद्यातली माती नुसती माती नसते? तिची चक्क रेसिपी असते! चाळलेली तांबडी माती, त्यात ताक, तेल, लिंबू, हळद, कापूर. प्रत्येक तालमीचं माप वेगळं, प्रत्येक वस्तादाचा हात वेगळा. मैदानाच्या आधी ती खणून, उलटून, भुसभुशीत करतात. पुढच्या रांगेत बसलात, तर ताकाचा आंबूस आणि कापराचा थंडगार वास एकदमच नाकात शिरतो. तो एकदा डोक्यात बसला, की कितीही भारी टीव्ही घ्या, घरबसल्या कुस्तीत मजा येत नाही.

आणि साउंड सिस्टीम? हलगी, घुमकं, कैताळ! डीजेची गरजच काय? कान देऊन ऐका: पैलवान नुसते फिरत असतात, तेव्हा हलगी चालीत असते. एकानं पट काढला, की टिपऱ्या वेग घेतात. ढाक लागली, घिस्सा बसला, की वाजवणारा स्वतः उड्या मारत हौद्याकडं सरकतो. जाणत्या शौकिनाला डोळे मिटून सांगता येतं, की आता आत काय चाललंय.

डावांची नावं तरी काय एकेक! कलाजंग, मोळी, एकचाक, भारंदाज, धोबीपछाड, आतली टांग, बाहेरली टांग. माझा फेव्हरेट कलाजंग. समोरचा चालून येतो आणि पुढच्या क्षणाला खांद्यावरून आडवा! निम्म्या पब्लिकला तो कसा झाला हे कळत नाही, उरलेले निम्मे ते शेजाऱ्याला हातवारे करून समजावत असतात.

तिकीट किती? गावच्या यात्रेच्या मैदानाला बहुतेक वेळा शून्य! गाव वर्गणी काढतं, जोड्या ठरतात, इनाम जाहीर होतं. आणि खरी गंमत पुढं आहे. जिंकलेला पोरगा अंगावरची माती तशीच ठेवून हौद्याभोवती फेरी मारतो, आणि बघणारे खिशात हात घालतात. कुणी दहाची नोट देतं, कुणी पन्नासची, एखादा म्हातारा पाठीवर थाप मारून दंड चाचपतो आणि मग शंभराची काढतो. बेसबॉलचा प्रेक्षक पैसे भरून आत येतो, आमचा प्रेक्षक फुकट आत येतो आणि पैसे देऊन बाहेर पडतो. बघणारा हा खेळाचा अर्धा मालक असतो, हे मला या मैदानांनी शिकवलं.

यात एक ‘गोल्डन’ माहिती! खानापूर-कडेगाव भागातले गलाई बांधव देशभरच्या सराफ बाजारांत सोनं-चांदी गाळायचा धंदा करतात. माणसं दूरच्या राज्यांत, पण यात्रेला गावी हजर! मैदानाच्या इनामांच्या पाट्या वाचा, गलाईवाल्यांची नावं हमखास दिसतात. सोनं गाळणारे हात घाम गाळणाऱ्यांना इनाम देतात.

सगळ्यात छोटं इनाम कोणतं? रेवड्या! मैदानाची सुरुवात चिल्ल्यापिल्ल्यांच्या कुस्त्यांनी होते. लंगोट सावरत दोन पोरं भिडतात, पडलेला रडतो, जिंकलेला त्याच्याच हातावर रेवड्या ठेवतो. हा भाग चुकवणारे लोक मला कधी समजलेच नाहीत.

आता जरा थांबा. ही गोष्ट घाईत सांगायची नाही.

कडेगावहून कराडच्या रस्त्याला लागा. तासाभराच्या आत गोळेश्वर. खाशाबा जाधवांचं गाव! १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये खाशाबा सहावे आले. तोवर मातीत लढलेला गडी तिथं मॅटवर उतरला होता. पुढचं ऑलिम्पिक १९५२, हेलसिंकी. अंगात ताकद होती, खिशात पैसे नव्हते. त्यांनी दारोदार मदत मागितली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर आपलं राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. विचार करा, विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी गुरुजींचं घर गहाण!

खाशाबांनी हेलसिंकीत ब्राँझ जिंकलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक! गावी परतले, तेव्हा कराडहून शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आणि खाशाबांनी पुढं काय केलं? कोल्हापुरात कुस्त्यांचं मैदान लावून पैसे उभे केले आणि खर्डेकर सरांचं घर सोडवलं. या मैदानाला जे बसले असतील, त्यांच्याइतका नशीबवान प्रेक्षक मला दुसरा दिसत नाही. बघितली कुस्ती, आणि सुटलं एका मास्तरांचं घर!

माहीत आहे का? भारताला पुढचं वैयक्तिक पदक मिळायला १९९६ उजाडलं, लिअँडर पेसचं. महाराष्ट्राला तर ७२ वर्षं थांबावं लागलं. २०२४ मध्ये पॅरिसला कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं नेमबाजीत ब्राँझ आणलं. याच पॅरिसमध्ये अमन सेहरावतनं कुस्तीत ब्राँझ जिंकलं. त्याचा वजनगट? ५७ किलो. खाशाबांचा? तोही ५७ किलो! पदक तेच, वजन तेच.

सांगलीकरांनो, कॉलर ताठ करा. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत पुनवतचे गणपतराव आंदळकर आणि कवठेपिरानचे मारुती माने, दोघंही आपल्या जिल्ह्याचे. दोघांनी एकेक सुवर्ण आणि एकेक रौप्य आणलं. एका जिल्ह्याची दोन माणसं, चार पदकं! आंदळकरांचं सुवर्ण ग्रीको-रोमनचं, मान्यांचं फ्रीस्टाइलचं. रौप्यात बरोबर उलटं. जणू वाटून घेतलं होतं.

पहिला महाराष्ट्र केसरी कोण? क्विझमध्ये हमखास येणारा प्रश्न. उत्तर: १९६१, दिनकर दह्यारी, सांगली!

आणि पहिली महिला महाराष्ट्र केसरी? २०२३ च्या मार्चमध्ये सांगलीतच स्पर्धा झाली आणि चांदीची गदा उचलली प्रतीक्षा बागडीनं. ती कुठली? सांगली जिल्ह्यातल्या तुंगची! पुरुषांत पहिला किताब सांगलीचा, महिलांत पहिली गदा सांगलीची. मैदानात आता आया लेकींना कडेवर घेऊन कुस्ती दाखवताना दिसतात, आणि मला त्या गर्दीकडं बघत राहावंसं वाटतं.

शेजारच्या भाळवणीचा चंद्रहार पाटील २००७ आणि २००८, लागोपाठ दोनदा महाराष्ट्र केसरी. मैदानात त्याचं नाव पुकारलं, की अजूनही शिट्ट्या पडतात. घराणेशाहीचा जोरदार नमुना हवाय? कोल्हापूरचे दादू चौगुले १९७० आणि १९७१ चे महाराष्ट्र केसरी, त्यांचा मुलगा विनोद चौगुले २००० चा! त्यानंतर कोल्हापूरला गदेसाठी २०२२ पर्यंत वाट पाहावी लागली. साताऱ्याच्या मैदानात पृथ्वीराज पाटीलनं ती आणली.

नव्या लोकांसाठी एक टिप: महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी असे दोन विभाग असतात. मातीचा विजेता विरुद्ध गादीचा विजेता, अशी फायनल. म्हणजे देशी विरुद्ध मॉडर्न, दरवर्षी लाइव्ह!

कुस्ती आणि बेसबॉल यांचं कुठं जमतं का? जमलंय की! उत्तर प्रदेशातला भालाफेकपटू रिंकू सिंग ‘मिलियन डॉलर आर्म’ ही वेगवान चेंडूफेकीची स्पर्धा जिंकून अमेरिकेत बेसबॉलचा पिचर झाला. त्याच्यावर २०१४ मध्ये हॉलिवूडचा सिनेमा निघाला. आणि मग? गडी रेसलिंगच्या रिंगणात उतरला, ‘वीर महान’ नावानं! आपली तांबडी माती नसेल ती, पण शड्डू तो शड्डूच.

कडेगावच्या माणसाला गर्दीचं कौतुक कशाला सांगायचं म्हणा! मोहरमचे गगनचुंबी ताबूत उभे राहतात, तेव्हा हिंदू-मुसलमान सगळं गाव मिळून ते उचलतं, आणि भेटी बघायला पंचक्रोशी लोटते. मान वर करून ताबूत बघायचे आणि मान खाली घालून कुस्ती बघायची, दोन्हीचं ट्रेनिंग आम्हाला लहानपणापासून.

बाय द वे, कुंडलच्या मैदानाला जायचा बेत असेल, तर त्या गावचं एक वेगळंच रेकॉर्ड लक्षात ठेवा. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचं हे केंद्र, जी. डी. बापू लाडांचं गाव. इंग्रजांना इथं अस्मान दाखवलं गेलंय! वरून सागरेश्वर अभयारण्यही जवळच. सकाळी हरणं, दुपारनंतर पैलवान. रविवार वसूल.

पहिल्यांदाच येताय? मग हे घ्या. मैदान बहुधा दुपारनंतर भरतं, म्हणून पश्चिमेकडची जागा धरा. ऊन पाठीवर पडतं आणि हौदा लख्ख दिसतो. पांढरा शर्ट घालू नका, विजयी पैलवान मिठी मारतो. दहा-वीसच्या सुट्ट्या नोटा वरच्या खिशात ठेवा. शेजारी फेटेवाले आजोबा असतील, तर त्यांना फक्त विचारा, “बाबा, तुम्ही कुणाकुणाची कुस्ती बघितलीय?” लाइव्ह कॉमेंट्री सुरू! आणि नंबर एकची जोड हौद्यात आली, की चहाला उठू नका. निकाल एका मिनिटात लागू शकतो, आणि उठलेल्या माणसाला जागा परत मिळत नाही.