तारकर्ली

तारकर्ली : महाराष्ट्र राज्याच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण तालुक्यातील समुद्रकाठचे गाव व पर्यटनस्थळ. हे मालवणच्या दक्षिणेस सु. ७ किमी.वर असून कोल्हापूरपासून घाटमार्गे सु. १५० किमी. अंतरावर आहे. पश्चिमेस अरबी समुद्र व पूर्वेस कर्ली नदीची खाडी यांच्यामधील वाळूची चिंचोळी पट्टी तारकर्लीवरून दक्षिणेकडे देवबागपर्यंत गेली असून तिच्या टोकाशी खाडी समुद्रास मिळते. माड व सुरू यांच्या रांगा, फिकट रंगाची विस्तीर्ण पुळण आणि हिवाळ्यातील नितळ पाणी यांमुळे हे स्थळ प्रसिद्धीस आले.

या किनाऱ्याशी कोल्हापूरचा संबंध पर्यटनाहून पुष्कळ जुना आहे. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये मालवणसमोरील बेटावर सिंधुदुर्गाचे बांधकाम सुरू केले. पुढे हा किल्ला व मालवण बंदर कोल्हापूरच्या छत्रपतींकडे आले. इंग्रजांनी १७६५ मध्ये किल्ला जिंकला, परंतु तो लवकरच कोल्हापूरकडे परत गेला. १८१२ च्या तहाने मात्र मालवण इंग्रजांना द्यावे लागले आणि कोल्हापूर संस्थानचे हे बंदर कायमचे गेले. किल्ल्यातील शिवराजेश्वर मंदिराशी छत्रपती घराण्याचा संबंध त्यानंतरही टिकला. त्याचा सभामंडप राजर्षी शाहू महाराजांनी बांधविला.

कोल्हापूरहून किनाऱ्याकडे उतरण्यास लोहमार्ग नाही. गगनबावड्याहून करूळ किंवा भुईबावडा घाटाने, अथवा राधानगरी-दाजीपूरवरून फोंडा घाटाने मोटारीने जावे लागते. कृष्णा खोऱ्यातील ऊसपट्ट्यातून निघालेला प्रवासी सह्याद्री ओलांडून काही तासांत माडांच्या प्रदेशात येतो. दिवाळी, नाताळ व मे महिन्याच्या सुट्या हा गर्दीचा काळ. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याची सवय असलेल्या मंडळींना येथील सुरमई, बांगडा, कोंबडी-वडे व सोलकढी यांचे वेगळेपण चटकन जाणवते.

महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या निवासस्थानामुळे तारकर्लीस पर्यटक येऊ लागले. सिंधुदुर्ग जिल्हा १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. थायलंडमधील पट्टाया हेही मूळचे मच्छीमारांचे खेडेच. १९६० नंतर अमेरिकी सैनिकांच्या विश्रांतीमुळे तेथे मोठमोठी हॉटेले उभी राहिली आणि खेडे नाहीसे झाले. तारकर्ली-देवबागचा विस्तार त्या मानाने बेताचा आहे. येथे अनेक कुटुंबे निवास व न्याहारी योजनेखाली स्वतःच्या घरातच खोल्या देतात. त्यामुळे पाहुण्यांपासून मिळणाऱ्या उत्पन्नाचा काही भाग गावातच राहतो.

सिंधुदुर्गाभोवतालच्या खडकांवर प्रवाळ आढळतात. २९.१२ चौ. किमी. क्षेत्राचे मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले. आपल्या मासेमारीवर बंधने येतील, या भीतीने स्थानिक मच्छीमारांनी त्यास विरोध केला. पुढे श्वासनळी लावून किंवा प्राणवायूच्या टाकीऐवजी दाबाखालील हवेची नळकांडी पाठीवर घेऊन पाण्याखाली पाहण्याचा व्यवसाय याच परिसरात वाढला व त्यात मच्छीमार कुटुंबांतील तरुणांना काम मिळाले. देवबागच्या संगमाजवळील वाळूचा उंचवटा २००४ च्या त्सुनामीने वर आला, अशी स्थानिक समजूत असल्याने त्यास ‘त्सुनामी बेट’ म्हणतात. तो भरतीच्या वेळी पाण्याखाली जातो.

पट्टीचे अस्तित्व वाळूच्या येण्याजाण्यावर अवलंबून आहे. पावसाळ्यातील नैर्ऋत्येच्या लाटा पुळणीवरील वाळू ओढून किनाऱ्यापासून दूर उथळ पाण्यात टाकतात. उघडिपीच्या मोसमातील मंद लाटा ती परत आणतात. परत येणारी वाळू कमी पडली, की माड उन्मळतात आणि समुद्र घरांच्या अंगणाशी येतो. देवबागला ही धूप वारंवार सोसावी लागली असून तीवर दगडी बंधारे हा उपाय योजण्यात आला. बंधाऱ्यामागची घरे त्यामुळे वाचतात. पण दगडांवर आदळून परतणारी लाट समोरची वाळू खरवडून नेते आणि बंधारा जेथे संपतो, तेथे धूप वाढण्याचा संभव असतो. ज्या पुळणीसाठी प्रवासी येतात, तीच अशा ठिकाणी अरुंद होते.

शांत दिसणारा हा समुद्र फसवा आहे. फुटलेल्या लाटांचे पाणी अरुंद वाटेने वेगाने परत जाते व त्या ओढीत पोहणाराही सापडतो. १५ एप्रिल २०१७ रोजी जवळच्या वायरी येथे बेळगावहून सहलीस आलेले आठ जण बुडाले. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांची नौका उलटून दोघांचा मृत्यू झाला. ओढीत सापडल्यास सरळ किनाऱ्याकडे न झगडता किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर पडावे लागते. देशावरून येणाऱ्यांना नदी-विहिरीतील पोहण्याचा सराव असला, तरी ही गोष्ट सहसा ठाऊक नसते.

रापण ही येथील जुनी मासेमारी. होडीतून समुद्रात सोडलेले लांब जाळे दोन्ही टोकांनी पुळणीवर ओढतात आणि मिळालेल्या मासळीचे वाटे करतात. यांत्रिक नौकांच्या पर्ससीन जाळ्यांमुळे किनाऱ्यालगतची मासळी घटते, अशी रापणकारांची तक्रार राहिली. २०१६ मध्ये राज्य शासनाने पर्ससीन मासेमारीवर हंगामाची व क्षेत्राची बंधने घातली. पावसाळ्यात सिंधुदुर्गाची होडीवाहतूक व जलक्रीडा बंद असतात. होड्या माडांखाली ओढून झापांनी झाकतात आणि नारळी पौर्णिमेनंतर त्या पुन्हा पाण्यात लोटतात.