पितळेवरचे फेरफार

लग्नसराईच्या दिवसांत नंदुरबार, शहादे, तळोदे किंवा नवापूर येथील एखाद्या वरातीपुढे चालणाऱ्या बँडात क्लॅरिनेट आणि कॉर्नेट यांच्या जोडीला जे लांबलचक, पुढेमागे सरकणाऱ्या नळीचे पितळी वाद्य क्वचित दृष्टीस पडते, त्याचे नाव ट्रॉम्बोन. सातपुड्यात होळीला घुमणारे ढोल, पावरी आणि बासरी ही जशी या मुलखाची स्वतःची वाद्ये, तसा हा नव्हे. इंग्रजी पलटणींच्या आणि संस्थानिकांच्या पदरी असलेल्या बँडांबरोबर तो हिंदुस्थानात आला, आणि असा बँड बाळगणाऱ्या बडोदे संस्थानचा सोनगड-व्याऱ्याचा प्रदेश तर नवापूरच्या शिवेलाच लागून होता. पुढे ही वाद्ये उत्तरेस मेरठ शहरी इंग्रजी नमुन्यांबरहुकूम घडू लागली आणि गावोगावच्या बँडवाल्यांच्या आवाक्यात आली. त्यामुळे एखाद्या जुन्या बँडमास्तरांच्या पेटीत निघालेला ट्रॉम्बोन लंडनचा असेल, मेरठचा असेल, किंवा एकाचा कर्णा आणि दुसऱ्याची नळी अशा संकराचाही असेल. त्यातले मूळचे किती आणि मागाहूनचे किती, याचा निर्णय करण्याचे एक शास्त्र आहे, आणि त्या शास्त्राचा पहिला नियम असा की, जो भाग सर्वांच्या नजरेत भरतो त्याची साक्ष सर्वांत शेवटी घ्यावी.

नजरेत प्रथम भरतो तो कर्ण्यावर कोरलेला पेढीचा शिक्का. त्याचा उपयोग नाही असे नव्हे. बूझी आणि हॉक्स या लंडनच्या दोन पेढ्या १९३० साली एकत्र झाल्या, तेव्हा ज्या वाद्यावर दोन्ही नावे जोडीने आहेत ते त्या सालापूर्वीचे असू शकत नाही, आणि बाणाची लहानशी खूण असेल तर ते एके काळी ब्रिटिश सरकारच्या मालकीचे होते असा दाखला मिळतो. परंतु शिक्का फक्त कर्ण्यापुरता बोलतो. नळीविषयी तो काहीच सांगत नाही, शिवाय तो नव्याने कोरणेही अवघड नाही.

म्हणून परीक्षकाने कर्णा उलटा करून आत पाहावे. पत्रा कापून, गुंडाळून, त्याच्या कडा डाक देऊन जोडून आणि मग साच्यावर ठोकून जो कर्णा हाताने घडवला जातो, त्यात जोडाची एक बारीक, किंचित निराळ्या रंगाची रेषा राहते. फार जुन्या युरोपीय कामात तर ही रेषा दातेरी असते, कारण दोन्ही कडांचे दाते एकमेकांत गुंतवून मग त्या झाळलेल्या असतात. कर्ण्याचा काठ बहुधा तारेवर दुमडलेला असतो. तो कोठे जाड, कोठे बारीक लागला, तर पडलेल्या वाद्याचा काठ कोणीतरी पुन्हा वळवला आहे असे समजावे.

सर्वांत अधिक झीज होते ती सरकत्या नळीची, आणि सर्वांत अधिक बदलाबदलही तिचीच. आतल्या नळ्यांच्या टोकांशी व्यास किंचित वाढवलेला असतो. त्यामुळे संपूर्ण लांबी न घासता तेवढाच भाग घासतो आणि नळी सुलभ सरकते. ही युक्ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रूढ झाली. ती ज्यात आढळते, त्या वाद्यास त्यापूर्वीचे म्हणणाऱ्याने निदान नळी नंतरची आहे हे कबूल केले पाहिजे. श्वासाचे पाणी काढून टाकणारी झडपही त्याच सुमाराची सोय असून ती कित्येक जुन्या वाद्यांना मागाहून झाळून बसवलेली आढळते. काही कारागीर नळीवर आणि कर्ण्यावर एकच क्रमांक उमटवीत. तो जुळला तर दोघांचा संसार पहिल्यापासूनचा आहे असे मानण्यास हरकत नाही.

आणखी एक साक्ष स्वराची. इंग्रजी पलटणींचे बँड १९२० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत सेकंदास सुमारे ४५२ कंपनांच्या उंच पट्टीत वाजत. आजची प्रमाणपट्टी ४४० ची. वाद्य खाली उतरवायचे तर नळीची लांबी वाढवावी लागते, म्हणून सूर जुळवण्यासाठी असलेल्या नळीच्या वाकाशी नंतर घातलेला तुकडा आणि त्याच्या दोन्ही टोकांस डाकाच्या जादा रेषा दिसल्या, तर जुन्या पट्टीचे ते वाद्य नव्या मंडळींत बसवण्यासाठी केलेली ती दुरुस्ती असणे संभवते. तिला दोष कोण देईल?

येथेच विवेकाचा प्रश्न येतो. बँडवाल्याचे वाद्य हे पोट भरण्याचे साधन. पोचे काढणे, फुटलेला वाक झाळणे, दुसऱ्याची नळी जोडणे हे त्याला क्रमप्राप्तच होते. तलाठ्याच्या दप्तरात ज्याप्रमाणे जमिनीचा प्रत्येक फेरफार नोंदला जातो आणि जुनी नोंद खोडून न टाकता तिच्यापुढे नवी लिहिली जाते, त्याप्रमाणे या डागडुजीच्या खुणाही त्या वाद्याचे दप्तरच होत. ते दप्तर नष्ट होते ते दुरुस्तीने नव्हे, तर चकाकीच्या हव्यासाने. यंत्रावर घासून पॉलिश केले की पत्रा पातळ होतो, कोरीव अक्षरे बुजतात, जोडांच्या टोकदार कडा गोल होतात, आणि वर पारदर्शक लेप चढवला की झिजलेले वाद्य नव्यासारखे भासते. जस्त झिरपून गेल्यामुळे पितळेवर उठणारे गुलाबी ठिपके तर घासून जातही नाहीत. ते धातूच्या अंतरंगात पोहोचलेले असतात.

म्हणून ज्यांच्या घरी असे वाद्य असेल त्यांनी ते मऊ कापडाने पुसावे, दुरुस्तीपूर्वी सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत, काढलेला तुकडा भंगारात न घालता पेटीतच ठेवावा, आणि ते कोणत्या बँडात कोणी वाजवले हे कागदावर लिहून त्याच पेटीत घालावे. लंडनच्या कर्ण्याला आपल्या गावच्या कारागिराने दिलेला डाक हाही, त्याची तारीख आणि ठिकाण ठाऊक असेल, तर पेढीच्या शिक्क्याइतकाच अस्सल पुरावा ठरतो.