एका पायावर तीस सेकंद

एडिसनला लेकीकडे गेलो की माझा मुक्काम तीन महिन्यांचा असतो. पहिला महिना कौतुकात जातो, दुसरा कंटाळ्यात आणि तिसरा परतीच्या बॅगा भरण्यात. गेल्या खेपेला मात्र दुसऱ्या महिन्यात एक माणूस भेटला आणि कंटाळा यायचं राहून गेलं. मराठी मंडळाच्या गणपतीत, प्रसादाच्या रांगेत तो माझ्या पुढे उभा होता. पन्नाशीचा, डोक्यावरचे केस विरळ झालेले. सहा वर्षांचा असताना आईवडिलांबरोबर न्यू जर्सीत आला, तो इथलाच झाला. मराठी बोलायचा, पण जपून, परक्या घरातल्या कपबशा हाताळाव्यात तसं.

"काय करता आपण?" मी विचारलं.

"वकील आहे, काका. दारू पिऊन गाडी चालवल्याच्या केसेस लढतो. ज्यांना पकडलंय त्यांच्या बाजूनं."

मी काहीतरी पुटपुटलो आणि प्रसाद घेऊन दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसलो. असं तुटक वागणं माझ्या स्वभावात नाही. त्याचं कारण वाचकांना सांगायला हवं.

१९९१ साली मी एका तालुक्याच्या गावी बँकेच्या शाखेत अधिकारी होतो. आमचा हेड कॅशियर माझा जिवलग मित्र. तिजोरीच्या दोन चाव्यांपैकी एक त्याच्याकडे, एक माझ्याकडे. नोटांचं बंडल तीनदा मोजल्याशिवाय त्यानं कधी सही केली नाही. बाहेर गिऱ्हाईक खोळंबलं, कुरकुरलं, तरी याची बोटं आपल्या लयीत चालायची. एका संध्याकाळी स्कूटरवरून घरी जाताना एका जीपनं त्याला उडवलं. जीपवाला तर्र होता, हे एसटी स्टँडवरच्या चहावाल्यापासून सगळ्यांना ठाऊक होतं. खटला सहा वर्षं चालला. ज्या डॉक्टरांनी जीपवाल्याचं रक्त काढलं होतं, ते साक्षीला उभे राहिले आणि बचावाच्या वकिलानं त्यांना चारच प्रश्न विचारले. सुई टोचण्यापूर्वी कातडी कशानं पुसली? सिरिंज उकळली होती का? बाटलीला सील कुणी लावलं? आणि त्या सीलचा नमुना कुठे आहे? चारही प्रश्नांना डॉक्टरांचं उत्तर एकच होतं, "आठवत नाही." दारूचा मुद्दा तिथेच गळाला. निष्काळजीपणाबद्दल जीपवाल्याला थोडा दंड आणि कोर्ट उठेपर्यंतची शिक्षा झाली. पाच वाजता कोर्ट उठलं आणि तो घरी गेला. वहिनी आणि मी बाहेरच्या बाकावर बसून होतो.

तेव्हापासून 'दारूच्या केसेस लढणारा वकील' म्हटलं की तोंडाची चव जाते.

पण अमेरिकेतली मराठी माणसं चिवट असतात. पुढच्या शनिवारी त्या वकिलाचा फोन आला. "काका, तुम्ही रागावलात ते कळलं. चहाला या. भांडायचं तर समोरासमोर भांडू." जावई मला सोडून गेला.

त्याच्या अभ्यासिकेत कायद्याची पुस्तकं असतील असं मला वाटलं होतं. ती होतीच, पण त्यांच्याशेजारी रसायनशास्त्राची पुस्तकं होती, शरीरशास्त्राची होती आणि चक्क पोलिसांच्या प्रशिक्षणाची जाडजूड पुस्तिका होती. "हे सगळं कशाला?" मी विचारलं. तेव्हा त्यानं जे सांगितलं ते मला सर्वस्वी नवीन होतं. दारू पिऊन गाडी चालवल्याच्या खटल्यांसाठी बचावाच्या वकिलांची अमेरिकेत एक स्वतंत्र शाळाच आहे. 'नॅशनल कॉलेज फॉर डीयूआय डिफेन्स' असं तिचं नाव. १९९५ साली ती सुरू झाली आणि अनेक वर्षं तिचे उन्हाळी वर्ग हार्वर्डच्या विधी महाविद्यालयात भरत आले. देशभरातले वकील पदरचे पैसे मोडून तिथे जातात. पुढे या विषयातले तज्ज्ञ म्हणून प्रमाणपत्र हवं असेल तर वेगळी परीक्षा द्यावी लागते. रक्तातलं अल्कोहोल मोजणारं गॅस क्रोमॅटोग्राफ नावाचं यंत्र प्रत्यक्ष चालवून बघण्याचे अभ्यासक्रम वेगळे. काळा कोट घालणारी माणसं प्रयोगशाळेत पांढरा कोट घालून आलेख वाचायला शिकतात.

"आणि पोलिसांचं पुस्तक?"

"पोलीस जो कोर्स करतात तोच कोर्स मीही केलाय. तीन चाचण्या आहेत. तुमच्यावर करून बघू?"

मी सदुसष्ट वर्षांचा. पोटात फक्त चहा आणि दोन चकल्या. म्हटलं, बघ.

पहिल्या चाचणीत त्यानं पेन माझ्या नाकासमोर फूटभर अंतरावर धरून डावीकडे-उजवीकडे नेलं. प्यालेल्या माणसाची बुबुळं कडेला जाताना थरथरतात, ते पोलीस बघतो. दुसरीत टाचेला अंगठा भिडवत सरळ रेषेत नऊ पावलं जायचं, ठरावीक पद्धतीनं वळायचं आणि नऊ पावलं परत यायचं. ही दोन्ही प्रकरणं मी कशीबशी निभावली. तिसरी चाचणी एका पायावर उभं राहण्याची. दुसरा पाय जमिनीपासून सहा इंच वर, हात अंगाशी, आणि "एक हजार एक, एक हजार दोन" असं मोठ्यानं मोजत तीस सेकंद काढायचे. एक हजार अकराला माझे हात पंखासारखे पसरले. एक हजार चौदाला पाय जमिनीला टेकला.

"नापास," तो हसत म्हणाला. "तोल जाणं, हात पसरणं, उडी मारणं, पाय टेकणं, या चार खुणा. दोन दिसल्या की पोलिसाच्या वहीत तुम्ही प्यालेले." मग त्यानं पुस्तिकेतलं एक पान उघडून माझ्यापुढे धरलं. ज्या संशोधनावर या चाचण्या उभ्या आहेत ते सत्तरच्या दशकात अमेरिकन सरकारच्या पैशानं सुरू झालं. पासष्टीच्या पुढची माणसं, पाठीचं, पायाचं किंवा कानाच्या आतल्या भागाचं दुखणं असलेली माणसं आणि फार वजनदार माणसं यांना ही चाचणी न पिताही जड जाते, असं त्या संशोधनातच म्हटलेलं आहे. "पोलिसाला हे शिकवलेलं असतं. पण रात्री दोन वाजता, पावसात, हमरस्त्याच्या कडेला तो विसरतो. त्याला याच पानाची आठवण करून देणं, हे माझं काम."

मी गप्प बसलो. मग त्यानं श्वास तपासणाऱ्या यंत्राचा विषय काढला आणि तिथे माझ्यातला बँकवाला जागा झाला.

हे यंत्र रक्त बघतच नाही, बघतं श्वास. श्वासातल्या अल्कोहोलवरून रक्तातलं प्रमाण काढायला ते एकवीसशेला एक असा ठरावीक हिशेब धरतं. प्रत्यक्षात हे प्रमाण माणसागणिक थोडं बदलतं. नुकतीच ढेकर आली असेल, उलटी झाली असेल, तर तोंडातलं अल्कोहोल मोजलं जाऊन आकडा फुगतो. म्हणून न्यू जर्सीत फुंकर मारायला लावण्यापूर्वी वीस मिनिटं माणसावर नजर ठेवावी लागते. या राज्यात अशा खटल्याला ज्यूरी नसते, न्यायाधीश एकटाच निकाल देतो. तेव्हा यंत्राच्या आकड्याचं वजन केवढं, ते लक्षात यावं. इथल्या वकिलांनी या यंत्राच्या आतली आज्ञावली तपासायला मागितली. ती तज्ज्ञांकडून तपासून घेतली गेली आणि २००८ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं निर्णय दिला की, यंत्र एकंदरीत विश्वासार्ह आहे, पण काही अटींवर. त्यातली एक अट अशी, की दर सहा महिन्यांनी यंत्राचं अंशमापन नव्यानं झालं पाहिजे.

"झालं तर मग," मी म्हणालो.

"नाही ना काका. खरी गोष्ट पुढेच आहे."

अंशमापनात एक पायरी थर्मामीटरची असते. चाचणीचं द्रावण चौतीस अंश सेल्सिअसच्या आसपास आहे ना, हे प्रमाणित थर्मामीटरनं पाहून मग सही करायची. हे काम करणारा राज्य पोलिसांतला एक सार्जंट ही पायरी गाळून पूर्ण झाल्याची नोंद करत होता, असा आरोप २०१६ साली त्याच्यावर ठेवला गेला. ज्या पाच काउंट्यांमधली यंत्रं त्याच्या हाताखालून गेली होती, त्यांत आमच्या लेकीचं एडिसन ज्यात येतं ती मिडलसेक्स काउंटीही होती. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, अशा यंत्रांवरचे आकडे पुरावा म्हणून चालणार नाहीत. वीस हजारांहून अधिक श्वासचाचण्या एका फटक्यात संशयात आल्या.

मी तीस-बत्तीस वर्षं बँकेत काढली. न मोजता केलेली सही काय करते, हे मला कुणी सांगायला नको. एकानं व्हाउचर लिहायचं, दुसऱ्यानं पास करायचं, आणि वर्षाकाठी एकदा इन्स्पेक्टर न सांगता येऊन रोकड मोजणार. आम्ही त्या इन्स्पेक्टरच्या नावानं बोटं मोडायचो. चोरासारखं वागवतो म्हणायचो. पण तो येतो म्हणून आमचे हिशेब जुळत होते, हे निवृत्त झाल्यावर कबूल करायला हरकत नाही. माझ्यासमोर बसलेला हा वकील त्याच जातीचा होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं २०११ साली न्यू मेक्सिकोतल्या अशाच एका खटल्यात म्हटलं, की ज्या तंत्रज्ञानं रक्त तपासलं त्यालाच उलटतपासणीला उभं करा, त्याच्याऐवजी दुसऱ्याला चालणार नाही. व्हाउचरवर ज्याची सही, त्यालाच जाब विचारा, असंच की ते.

तरी मनातला काटा निघेना. २०२२ साली अमेरिकेत मद्यपी चालकांमुळे घडलेल्या अपघातांत १३,५२४ माणसं गेली. तेरा वर्षांची मुलगी अशा अपघातात गमावलेल्या एका आईनं १९८० साली कॅलिफोर्नियात चळवळ उभारली, त्यानंतर तिथले कायदे कडक होत गेले. ही माणसंही खरीच. मी विचारलं, "तू सोडवलेल्या माणसानं उद्या कुणाला उडवलं तर?"

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "ती भीती आहेच. पिणं सुटायला मदत घे, हे मी पहिल्याच भेटीत सांगतो. काही ऐकतात, काही नाही. पण काका, त्या वीस हजारांत खरे प्यालेले किती, हे आता कुणालाच कळणार नाही. ते मी नाही सोडवले. ते थर्मामीटरनं सोडवले."

परत आल्यावर मी जुने कागद काढले. मुंबई दारूबंदी कायद्याखाली वैद्यकीय तपासणी आणि रक्तचाचणीचे नियम आपल्याकडे १९५९ पासून आहेत. सिरिंज उकळून घ्यावी, कातडी निर्जंतुक पाण्यानं पुसावी, रक्त काढताना कुठल्याही टप्प्यावर अल्कोहोलचा स्पर्श होऊ देऊ नये. स्पिरिटचा बोळा फिरवला तर रक्तात अल्कोहोल कुठलं आलं, हे कोण सांगणार? म्हणजे त्या वकिलाचे प्रश्न त्यानं मनानं काढलेले नव्हते. नियमातलेच होते. मोटार वाहन कायद्याच्या १८५ व्या कलमानं १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम ही मर्यादा घातली, अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत ती ८० आहे. २०१९ च्या दुरुस्तीनं पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा हजारांपर्यंत नेला. कायदा आपला अधिक कडक. पण सरकारी रासायनिक तज्ज्ञाचा अहवाल आपल्याकडे त्याला साक्षीला न बोलावताही पुराव्यात वाचता येतो. बोलवायचं तर कोर्ट बोलावू शकतं, पण त्यासाठी कुणीतरी मागणी करायला हवी आणि काय विचारायचं ते ठाऊक हवं. २०२४ च्या मे महिन्यात पुण्यात कल्याणीनगरला भरधाव मोटारीनं दोन तरुण जीव घेतले. तेव्हा रक्ताचा नमुनाच बदलल्याचा आरोप झाला, डॉक्टरांना अटक झाली. बाटलीवरच्या सीलची किंमत त्या दिवशी साऱ्या महाराष्ट्राला कळली.

हे सगळं मी वहिनींना सांगायला गेलो. त्या आता सत्तरीला आल्या आहेत, मुलाकडे कोथरूडला असतात. भीत भीतच बोललो. इतक्या वर्षांनी त्या वकिलाची बाजू घेतोय असं वाटायला नको. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "भाऊजी, ते चार प्रश्न मला पाठ आहेत. रोज म्हणते म्हटलं तरी चालेल. मला त्या वकिलाचा राग कधीच आला नाही. माझं एकच म्हणणं आहे. हेच चार प्रश्न आपल्या बाजूच्या कुणी पहिल्याच दिवशी, दवाखान्यात, डॉक्टरांना का नाही विचारले?"

मी काय उत्तर देणार? त्या उठून चहा टाकायला आत गेल्या. भिंतीवर मित्राचा फोटो होता, बँकेच्या काउंटरमागे बसलेला. हातात नोटांचं बंडल, नजर खाली. दुसऱ्यांदा मोजत होता की तिसऱ्यांदा, ते फोटोत कळत नाही.