चुंगशान

चुंगशान : चीनच्या ग्वांगडुंग (क्वांगतुंग) प्रांताच्या किनाऱ्यावरील जिल्हा व शहर. जुने नाव श्यांगशान. क्षेत्रफळ सु. १,७८० चौ. किमी.; लोकसंख्या ४४,१८,०६० (२०२०). पर्ल नदीमुखाच्या पश्चिमेस, कँटनच्या दक्षिणेस व मकावच्या उत्तरेस हा प्रदेश वसला आहे. शिची हे त्याचे जुने प्रशासकीय केंद्र होय.

येथील भूमी बव्हंशी नदीने घडविली आहे. जिल्ह्याची स्थापना ११५२ मध्ये दक्षिण सुंग काळात झाली, तेव्हा हा भाग नदीमुखातील एक डोंगराळ बेट होता. पुढील शतकांत गाळ साचून व बांध घालून भातशेतीस योग्य अशा खाजण जमिनी निर्माण झाल्या आणि बेट मुख्य भूमीस जोडले गेले. मध्यभागातील वूग्वैशान (५३१ मी.) या डोंगराभोवती आता सखल मैदान आहे. हवामान उपोष्ण मोसमी असून उन्हाळ्यात विपुल पाऊस पडतो व टायफून वादळे येतात. भात, केळी, फळे व तळ्यांतील मत्स्यपालन ही येथील पारंपरिक उत्पादने होत.

जिल्ह्याच्या दक्षिण टोकावरील मकाव येथे १५५७ च्या सुमारास पोर्तुगीजांनी वसाहत केली. तिचा कारभार १८४४ पर्यंत गोव्याच्या अधिकाराखाली होता; तथापि जमिनीचा वार्षिक खंड १८४९ पर्यंत चिनी सरकारला दिला जाई. या शेजारामुळे परदेशी व्यापार, भाषा व शिक्षण यांचा परिचय येथील लोकांना इतर चिन्यांपूर्वी झाला. अमेरिकन विद्यापीठाचे पहिले चिनी पदवीधर युंग विंग (येल, १८५४) याच जिल्ह्यातील. त्यांच्या प्रयत्नांनी १८७२ पासून १२० मुले शिक्षणासाठी अमेरिकेस पाठविण्यात आली. अनेक कुटुंबे हवाई व ऑस्ट्रेलियात स्थायिक झाली.

चिनी प्रजासत्ताकाचे संस्थापक सन् यत्-सेन यांचा जन्म त्सुइहंग खेड्यात १८६६ मध्ये झाला. थोरल्या भावाकडे हवाईस जाऊन त्यांनी पाश्चात्त्य शिक्षण घेतले. १९२५ मध्ये त्यांच्या निधनानंतर जिल्ह्यास त्यांचे ‘चुंगशान’ हे नाव देण्यात आले.

१९५३ मध्ये दक्षिण किनारपट्टी व बेटे वेगळी करून जूहाय जिल्हा निर्माण झाला. १९८० मध्ये तेथे विशेष आर्थिक क्षेत्र स्थापन झाले. चुंगशानला १९८३ मध्ये शहराचा व १९८८ मध्ये प्रांताच्या थेट अखत्यारीतील शहराचा दर्जा मिळाला. विद्युत् उपकरणे, दिवे, फर्निचर व कपडे यांच्या उद्योगांमुळे खाजणांचा मोठा भाग नागरी झाला आहे. २०२४ मध्ये खुल्या झालेल्या सेतू व बोगदामार्गाने चुंगशान नदीमुखापलीकडील शेंजेनशी जोडले गेले. त्सुइहंग येथील सन् यत्-सेन यांचे निवासस्थान स्मारक म्हणून जतन केलेले आहे.